लिफ्टमनच्या तीन बाटल्या

फोर्टातल्या आदमजी बिल्डिंगची लिफ्ट
चार बाय चारची.
त्यात मी, स्टूल, पितळी दांडा
आणि दिवसभर माणसांचे वास.

बावीस वर्षं झाली.
माणूस उतरून जातो,
वास अजून एक मजला सोबत चढतो.
दुसऱ्यावरचा शिपिंगवाला पोरगा इतका गोड
की दाढ शिवशिवते.
ऑडिटवाले मार्चअखेर नुसते घामाचे.
पाचव्यावरचे सेठना वकील म्हणजे वाळा,
वाळ्याखाली जुनं लाकूड,
त्याच्याखाली कसलीतरी थंडाई, जिचं नाव मला येत नव्हतं.

आणि मी?
पितळ घासायची पावडर, ग्रीस,
डब्यातली लसणाची चटणी.

दिवाळीच्या बोनसमधले सातशे वेगळे काढले,
कुंदाला सांगितलं, छत्रीला.
मुसाफिरखान्यात जाऊन निळी बाटली घेतली.
निळी होती म्हणून घेतली, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्या दिवशी झुरळांवर मारतात तशी मारली
काखेत, छातीवर, टोपीतसुद्धा.
मिसेस फुर्टाडो तीनदा शिंकल्या
आणि दोन मजले आधीच उतरून
जिन्यानं गेल्या. गुडघ्यांसकट.

बाटली परत घेऊन गेलो.
इलियासभाई महाडचे, हसले नाहीत.
म्हणाले, एवढ्यात बाटली घेऊच नकोस.
कागदाच्या पट्ट्या ने. दिवसाला दोनच, तिसरीला नाक दमतं.
पहिली दहा मिनिटं सगळेच थापा मारतात,
क्रॉफर्ड मार्केटला फेरी मार, चहा पी, मग हुंग.
मनगटावर लावलंस तर रगडू नकोस.
मधे मधे स्वतःची बाही हुंगत जा,
म्हणजे नाक घरी येतं.

पट्ट्या मी पासबुकात ठेवायचो.
बँकेतली बाई एंट्री मारता मारता थांबली,
पान नाकाशी नेलं,
मग माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच बघितलं.

दीड वर्षात तीन झाल्या. छोट्या, दहा दहा मिलीच्या.
कुंदाच्या बांगड्यांच्या डब्यात कापूस घालून उभ्या केल्यात,
उन्हापासून लांब, गॅसपासून त्याहून लांब.
एक लिंबाची, मे महिन्याची,
दुपारपर्यंत टिकते, पण तेवढ्यापुरती पोरसवदा करते.
एक ऊद, लग्नामुंजीला. उकाड्यात लावला
तर मस्जिद बंदरचं गोदाम चालत आल्यासारखं वाटतं,
मेव्हण्याच्या हळदीला तो अनुभव घेतला.
तिसरी वाळ्याची.
ती शोधायलाच आठ महिने गेले.
हा नव्हे, हा नव्हे, ह्यात साबण जास्त,
इलियासभाई वैतागले, अरे कुणाच्या मागे आहेस तू?

सापडली तेव्हा सेठना यायचे थांबले होते.
आधी आजारी म्हणाले, मग पाटी काढली.
श्रावणात त्यांचा जुना कारकून, परब,
फायली न्यायला आला.
मी गेट ओढलं, दांडा फिरवला.
तिसऱ्या-चौथ्याच्या मधे कधीतरी
परबनं चष्मा काढला, भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
साहेब आत्ताच वर गेले का हो?

मनगट मागे घेता आलं असतं.
नाही घेतलं.
पाचवा आला. तो उतरेना.
मीही गेट उघडायची घाई केली नाही.
खालून कुणीतरी बेलवर बोट दाबून धरलं होतं.

आता त्या बाटलीत दोन बोटं उरलीत.
इलियासभाई म्हणतात, मागवून देतो.
बघू म्हणतो.
सेठना सोमवारी लवकर यायचे, साडेनऊला.
सोमवारी लावतो, एकच फवारा, रगडत नाही,
आणि पाचव्यावर कुणाला जायचं नसलं तरी
एकदा लिफ्ट वर नेऊन आणतो.